हरिभाऊ आपटे, गाल्दोस आणि ‘मी’ म्हणण्याचा अधिकार

मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना हरि नारायण आपटे यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. त्यांच्या आधी मराठीत कादंबऱ्या नव्हत्या असे नाही. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या बाबा पदमनजी यांनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवांचे दुःख मांडले होते. त्यानंतर मात्र ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुत कथांनी वाचकाला राजपुत्र, राजकन्या आणि योगायोगांच्या दुनियेत बरीच वर्षे रमवले. माजघरात, ओटीवर, चुलीच्या धुरात राहणारी माणसे कादंबरीत आणून बसवण्याचे आणि त्यांना त्यांच्याच भाषेत बोलते करण्याचे काम हरिभाऊंनी केले. त्यांना मराठीतील सामाजिक वास्तववादी कादंबरीचे जनक म्हणतात, ते योग्यच आहे.

परंतु मुस्लिम मराठी वाचक हरिभाऊंकडे जातो तेव्हा त्याला दोन हरिभाऊ भेटतात. एक हरिभाऊ बालविधवेच्या शेजारी बसून तिची कहाणी ऐकतात. ती वाचताना शिरूरच्या किंवा दौंडच्या मोहल्ल्यातल्या वाचकाचेही डोळे भरून येतात, कारण दुःखाला जात-धर्म नसतो. दुसरे हरिभाऊ ऐतिहासिक कादंबरीकार आहेत. त्यांच्या पानांत आपण आपल्या वाडवडिलांचा चेहरा शोधू लागतो आणि हाती येतो तो बहुतेक वेळा एखादा खान, एखादा किल्लेदार, एखादी तलवार. एकाच लेखकाच्या दोन डोळ्यांत एवढा फरक का पडावा, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना हरिभाऊंच्याच काळातील एका स्पॅनिश कादंबरीकाराची, बेनितो पेरेस गाल्दोसची, मदत घेणार आहे.

पुण्यातला वाडा आणि यमूची कैफियत

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. बालपणाचा काही काळ मुंबईत गेल्यावर १८७८ च्या सुमारास ते पुण्यात आले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, आगरकर, टिळक यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. गणिताने दगा दिल्यामुळे पदवी मात्र हाती लागली नाही. वाचन अफाट होते. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर केले, तेव्हा विद्यार्थिदशेतल्या हरिभाऊंनी त्यावर ७२ पानांचे परीक्षण लिहिले. गुरूच्या पुस्तकाची अशी कसून तपासणी करण्याचे धाडस त्यांनी कोवळ्या वयात दाखवले. पुढे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेचा कारभार त्यांनी आयुष्यभर सांभाळला. तिथून जुने संस्कृत ग्रंथ छापले जात होते. म्हणजे दिवसा हस्तलिखितांचे पाठभेद आणि उरलेल्या वेळात विधवांची कहाणी, असा त्यांचा संसार होता. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, ते १९१७ पर्यंत चालवले आणि त्यातून एकामागून एक कादंबऱ्या क्रमशः दिल्या. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

‘मधली स्थिती’ (१८८५) या पहिल्या सामाजिक कादंबरीवर इंग्रज लेखक रेनॉल्ड्सची छाया होती. ‘गणपतराव’मध्ये ती फिकट झाली आणि ‘करमणूक’मधून आलेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये हरिभाऊ पूर्णपणे आपल्या पायांवर उभे राहिले. यमू नावाची एक मुलगी आपल्या लहानपणापासूनची हकीकत सांगते. कडक वडील, सोशीक आई, जीव लावणारा भाऊ, सासर, कारस्थानी शंकरमामंजी, शिकवणारा आणि माणूस म्हणून वागवणारा पती रघुनाथराव, मुंबईचे मोकळे दिवस, मग पतीचा मृत्यू आणि बळजबरीने झालेले केशवपन. तिची मैत्रीण दुर्गी हिचा संसार तर सुरुवातीपासूनच उद्ध्वस्त आहे. कथानक एवढेच. यात कुठे भुयार नाही, वेषांतर नाही, दैवी चमत्कार नाही.

या कादंबरीची ताकद नेमकी कशात आहे? विधवांच्या प्रश्नावर त्या काळात निबंध कमी लिहिले जात नव्हते. १८५६ साली पुनर्विवाहाचा कायदाही झाला होता. पण निबंधात विधवा ‘ती’ असते. तिच्याविषयी बोलले जाते. हरिभाऊंनी तिला ‘मी’ केले. एका शिकलेल्या ब्राह्मण पुरुषाने आपली लेखणी बालविधवेच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला झाला. तिचे शब्द, तिचे अर्धवट समजणे, तिचे भाबडे विनोद, तिची भीती हे सगळे तिच्या बोलीत आले. वाचणाऱ्या पुण्याच्या गृहस्थाला मग न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसणे कठीण झाले, कारण यमू त्याच्याच घरातल्या लेकीच्या आवाजात बोलत होती.

वास्तववाद म्हणजे केवळ बारीकसारीक वर्णन नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. घरातल्या भांड्यांची यादी कोणीही देऊ शकतो. ज्याला बोलण्याचा अधिकार नाही त्याला तो देणे, ही वास्तववादाची खरी कसोटी आहे. हरिभाऊंनी हीच कसोटी ठेवून दिली आहे. आता तिच्यावर त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या घासून पाहू.

तलवारीपलीकडे न दिसणारा माणूस

‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली जात होती त्याच सुमारास हरिभाऊंनी ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली. ही त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी. टिपू सुलतानावरील ही कथा त्यांनी मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८४० सालच्या कादंबरीवरून घेतली. म्हणजे आपल्याच देशातल्या, शंभर वर्षेही न लोटलेल्या काळातल्या एका सुलतानाकडे पाहताना त्यांनी चष्मा घेतला तो ज्यांनी त्याला मारले त्यांच्या बाजूचा. यमूकडे पाहताना त्यांना कोणाच्या चष्म्याची गरज पडली नव्हती. तिचे घर त्यांनी आतून पाहिले होते.

त्यानंतर ‘उषःकाल’, ‘सूर्योदय’, ‘गड आला पण सिंह गेला’ अशी शिवकालीन मालिका आली. या कादंबऱ्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पारतंत्र्यात खचलेल्या समाजाला त्यांनी स्वतःचा इतिहास कथेच्या रूपाने दिला. शिवाजी महाराजांच्या सैन्यात, आरमारात आणि दरबारात मुसलमान होते, आणि आपणही त्या इतिहासाचे वारस आहोत. तेव्हा या कादंबऱ्यांवर आपला आक्षेप शिवकाल रंगवल्याबद्दल नाही. आक्षेप आहे तो वास्तववादाने मध्येच काढता पाय घेतल्याबद्दल. या कादंबऱ्यांतल्या मराठा माणसाला आई असते, रुसणारी बायको असते, वडिलांशी मतभेद असतात, मनात द्वंद्व असते. विजापूरकर किंवा मोगल माणूस मात्र दरबारात, छावणीत किंवा किल्ल्याच्या दरवाजात भेटतो. चांगला असला तर इमानी आणि वाईट असला तर विलासी, या दोन साच्यांत त्याचे काम भागते. त्याच्या घरी कोण आहे, तो कोणत्या काळजीने रात्री जागा राहतो, त्याची आई त्याला काय म्हणून हाक मारते, हे वाचकाला सहसा कळत नाही.

याचे कारण द्वेष आहे असे मला वाटत नाही. कारण साधे आहे: हरिभाऊंना मुसलमानाचे घर माहीत नव्हते. पुण्याच्या वाड्यातून त्यांना जे दिसले ते त्यांनी जीव ओतून लिहिले, आणि जे दिसले नाही तिथे बखर, पोवाडा आणि इंग्रजी कादंबरी यांच्यावर भागवले. फारसी साधने मराठी वाचकाच्या हाती तेव्हा फारशी आलेली नव्हती. सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल आणि आसफजाही दरबाराची फारसी कागदपत्रे मराठीत आणली ती कितीतरी नंतर. पण कारण कळले म्हणून परिणाम पुसला जात नाही. हरिभाऊंच्या मागून आलेल्या शेकडो ऐतिहासिक कादंबऱ्यांनी, नाटकांनी आणि चित्रपटांनी हाच साचा वापरला आणि तो दिवसेंदिवस अधिक ढोबळ होत गेला. शाळेच्या बाकावर बसलेला आपला मुलगा त्या साच्यात स्वतःला पाहतो आणि गप्प होतो.

गाल्दोस : शत्रूच्या हाती लेखणी

हे टाळता आले असते का? ‘काळच तसा होता’ असे म्हणून आपण विषय संपवतो. म्हणून त्याच काळातल्या दुसऱ्या देशाकडे पाहणे उपयोगाचे आहे.

बेनितो पेरेस गाल्दोस १० मे १८४३ रोजी कॅनरी बेटांवरील लास पाल्मास येथे जन्मला. १८६२ मध्ये कायदा शिकण्यासाठी माद्रिदला आला आणि वर्गात बसण्याऐवजी गल्ल्या, चहाखाने, नाटकगृहे आणि चाळी पाहत फिरला. हरिभाऊंप्रमाणेच त्याचे दोन संसार होते. एकीकडे समकालीन समाजावरच्या कादंबऱ्या: धर्मांधतेने पोखरलेल्या गावाची ‘दोन्या पेर्फेक्ता’ (१८७६), दोन स्त्रियांच्या आयुष्यातून सारे माद्रिद उभे करणारी ‘फोर्तुनाता आणि हासिंता’ (१८८६–८७). दुसरीकडे १८७३ पासून सुरू केलेली ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका. तिचे ४६ भाग झाले. १८९७ मध्ये स्पॅनिश अकादमीत प्रवेश करताना वर्तमान समाज हीच कादंबरीची सामग्री कशी होते, या विषयावर त्याने भाषण केले. राजकारणात तो उदारमतवादी आणि पुढे प्रजासत्ताकवादी होता. धर्मसत्तेवर टीका केल्यामुळे त्याचे विरोधक खूप होते. त्याला नोबेल मिळावे म्हणून प्रयत्न झाले तेव्हा त्याच्याच देशातल्या सनातन्यांनी विरोध केला. शेवटची वर्षे अंधत्वात गेली. ४ जानेवारी १९२० रोजी माद्रिदमध्ये तो वारला. हरिभाऊंच्या मृत्यूला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

मुसलमानांच्या बाबतीत स्पेन आणि महाराष्ट्र यांत एक साम्य आहे. ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या लहान-मोठ्या भागावर मुसलमानांची सत्ता होती. त्यानंतर धर्मांतराची सक्ती झाली आणि १६०९ ते १६१४ या वर्षांत उरलेल्या मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्यात आले. माणसे गेली, पण ‘मोरो’ नावाचे सोंग उरले. गावोगावच्या उत्सवांत अजूनही मोरो आणि ख्रिस्ती यांची लुटुपुटूची लढाई होते आणि शेवटी कोण जिंकणार हे ठरलेले असते. गाल्दोस अशा देशाचा लेखक होता. आपल्याकडे मुसलमान शेजारी तरी होते. त्याच्याकडे तेही नव्हते.

तरीही १८९७ च्या ‘मिसेरिकोर्दिया’ या कादंबरीत त्याने काय केले ते पाहा. बेनिना ही म्हातारी मोलकरीण आहे. मालकीण कंगाल झाली आहे. तिचे पोट भरावे म्हणून बेनिना चोरून चर्चच्या दारात भीक मागते आणि घरी येऊन खोटे सांगते. त्या दारात तिला अल्मुदेना भेटतो. हा मोरोक्कोहून आलेला आंधळा भिकारी. त्याच्या बोलण्यात आणि श्रद्धेत मुसलमान आणि यहुदी अशा दोन्ही परंपरांच्या खुणा मिसळलेल्या आहेत. तो मोडकी स्पॅनिश बोलतो, रागावतो, हेवा करतो, प्रेम करतो, आजारी पडतो. शेवटी मालकिणीला वारसाहक्काने पैसा मिळतो आणि ती बेनिनाला दाराबाहेर काढते. बेनिना मात्र त्या आंधळ्याला सोडत नाही. ख्रिस्ती करुणेचा अर्थ मालकिणीच्या घरात सापडत नाही. एक मोलकरीण आणि एक परदेशी, परधर्मी भिकारी यांच्यामध्ये तो सापडतो. गाल्दोसने ‘मोरो’ला लढाईतून उचलून फुटपाथवर आणले आणि तिथे तो माणूस झाला.

याहून मोठे धाडस त्याने १९०५ मध्ये ‘ऐता तेत्ताउएन’ या ऐतिहासिक कादंबरीत केले. १८५९–६० मध्ये स्पेनने मोरोक्कोवर स्वारी करून तेतुआन शहर घेतले. या विजयाने सारा देश बेभान झाला होता. सैन्याबरोबर गेलेल्या आलार्कोन या लेखकाचे युद्धवर्णन घरोघर वाचले गेले होते. या विषयावर लिहायला बसण्यापूर्वी गाल्दोस मोरोक्कोला जाऊन आला. मोरोक्कोचा इतिहासकार अहमद इब्न खालिद अल-नासिरी याने त्याच युद्धाबद्दल काय लिहिले आहे, ते त्याने भाषांतरातून मिळवले. आणि कादंबरीचा तिसरा भाग त्याने तेतुआनच्या अल-नासिरी नावाच्याच एका बखरकाराच्या तोंडी घातला. तोच विजय आता पराभव म्हणून दिसतो. स्पॅनिश फौज ‘ते’ होते, आणि तोफांच्या माऱ्याखाली सापडलेले शहर ‘आम्ही’ होते.

गाल्दोसचीही मर्यादा आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पुढे कळते की हा बखरकार मुळात धर्म बदलून तिथे राहिलेला स्पॅनिश माणूस आहे, आणि आपल्या धन्याला खूश ठेवण्यासाठी त्याने हकीकतीत फेरफारही केले आहेत. म्हणजे मुसलमानाच्या अंगरख्याखाली पुन्हा एक स्पॅनिश मनुष्य निघतो. पण यातूनही गाल्दोस एक गोष्ट सांगून जातो: बखर कोणाचीही असो, ती लिहिणाऱ्याला धनी असतो. आपल्या बाजूच्या बखरींनाही हे लागू आहे. विजयाच्या उन्मादात असलेल्या आपल्याच वाचकांना त्याने हे ऐकवले.

मेहेरजान आणि पाबळची मस्तानी

हरिभाऊ इथपर्यंत कधी पोहोचलेच नाहीत, असे म्हटले तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. १९१३ ते १९१५ या काळात त्यांनी ‘वज्राघात’ लिहिली. विषय विजयनगरच्या नाशाचा आहे. १५६५ च्या जानेवारीत दख्खनच्या सुलतानांच्या एकत्रित फौजांनी रामराजाचा पराभव केला आणि एक वैभवशाली राजधानी धुळीला मिळाली. हा प्रसंग हिंदू-मुसलमान संग्राम म्हणून रंगवणे सोपे होते. वाचकांनाही ते आवडले असते. हरिभाऊंनी वेगळी वाट धरली. त्यांच्या कादंबरीत विनाशाचे बीज आहे रामराजाच्या प्रेमात आणि त्याने केलेल्या त्यागात. मेहेरजान या मुसलमान स्त्रीवर तो प्रेम करतो आणि सत्तेच्या हव्यासापायी तिला सोडतो. तिच्या पोटचा मुलगा विजापूरच्या दरबारात वाढतो आणि एक दिवस बापासमोर शत्रू म्हणून उभा राहतो.

मेहेरजानची व्यक्तिरेखा वाचताना हरिभाऊंची ओळखीची लेखणी पुन्हा दिसू लागते. फसवली गेलेली स्त्री, तिचा अबोल स्वाभिमान, मुलावरची माया आणि मनात धुमसणारा दाह. ही यमूची आणि दुर्गीची बहीण आहे. पंचवीस वर्षे ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्यावर हरिभाऊंना मुसलमान माणूस गवसला तो लढाईत नव्हे, एका स्त्रीच्या अन्यायात. सामाजिक कादंबरीकाराचा डोळा त्यांनी ऐतिहासिक कादंबरीला लावला तेव्हा साचा मोडला. ‘वज्राघात’ त्यांच्या उत्तम कादंबऱ्यांत गणली जाते, त्यामागे मला हेही एक कारण दिसते.

मेहेरजान कल्पित आहे. परंतु आपल्या भागातल्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला मस्तानीची कबर आहे. पहिल्या बाजीरावाने तिला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे इनाम दिली होती. पेशव्याने जिच्यावर प्रेम केले तिला पेशव्यांच्या घराने स्वीकारले नाही. १७४० मध्ये बाजीरावापाठोपाठ तीही गेली. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या लढाईतल्या जखमांनी गेला. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) आणि २०१५ सालचा हिंदी चित्रपट यांनी मस्तानी घराघरांत पोहोचवली. पण या सगळ्यांत ती बाजीरावाच्या कथेतली नायिका आहे. पाबळच्या वाड्यात, नवऱ्याच्या घराने दार बंद केल्यावर एका लहान मुलाला वाढवताना तिने दिवस कसे काढले असतील, ती कोणत्या भाषेत त्याला झोपवत असेल, हे तिच्या तोंडून अजून कोणी सांगितलेले नाही. मस्तानीला ‘मी’ म्हणू देणारी कादंबरी अजून लिहिली जायची आहे.

वाड्याबाहेर सत्तर किलोमीटर

हरिभाऊंच्या वास्तववादाला आणखी एक कुंपण होते. ते केवळ धर्माचे नव्हते, शहराचेही होते. पुण्याहून शिरूर किंवा दौंड सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि तो वणवा भीमथडी, शिरूर, इंदापूर या तालुक्यांत पसरला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यातच होते आणि आजचा दौंडचा भागही त्याच तालुक्यात मोडत होता. सरकारने चौकशी समिती नेमली, १८७९ मध्ये कायदा केला. हरिभाऊ तेव्हा शाळकरी वयाचे होते. पुढे लेखक म्हणून त्यांनी दुष्काळात होरपळलेल्या गरिबांवर ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही अविस्मरणीय कथा लिहिली. ती वाचली की वाटते, हा लेखक आणखी थोडा पूर्वेकडे चालत आला असता तर घोडनदीकाठचा शेतकरी, आठवडी बाजारातला तांबोळी, बागवान, मणियार, गावगाड्यातला मुलाणी, आणि १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाल्यावर जंक्शन झालेल्या दौंडमधला रेल्वेचा कामगार त्याच्या कादंबरीत आला असता. तो आला नाही.

आणि हा मुलूख काही मुका नव्हता. दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदे आहे. तिथल्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत रचला. मुसलमान घरात जन्मलेल्या या संताची मराठी कोणाकडून उसनी घेतलेली नव्हती. म्हणजे मराठीत मुसलमानाने ‘मी’ म्हणण्याची परंपरा कादंबरीच्या दोन-अडीचशे वर्षे आधीची आहे. कादंबरी आली तेव्हा ती परंपरा तुटली, किंवा तिला कोणी विचारले नाही.

ती पुन्हा जोडली गेली १९६५ मध्ये, हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने. कोकणातल्या आपल्या गावी परतलेला एक मुसलमान माणूस प्रथमपुरुषी निवेदनातून गावातले ताण, भाऊबंदकी, शेजार आणि दंगलीकडे सरकणारी परिस्थिती सांगतो. दलवाईंची सामाजिक मते कोणाला पटोत वा न पटोत, या कादंबरीतला मुसलमान साच्यातला नाही. त्याला घर आहे, वडील आहेत, अपराधी मन आहे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधून सुरू झालेला रस्ता सुमारे पाऊणशे वर्षांनी मोहल्ल्याच्या दारापर्यंत आला. १९९० च्या सोलापूरच्या संमेलनापासून मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी राहिली आणि कविता, कथा, आत्मकथनांतून अनेक आवाज पुढे आले.

आता प्रश्न आपल्याकडे वळतो आणि तो सोयीचा नाही. हरिभाऊंनी आम्हाला घरात बोलावले नाही, ही तक्रार रास्त आहे. पण आमच्या घरात बोलण्याचा अधिकार आम्ही कोणाला दिला? आमच्या बऱ्याच लेखनात दंगल येते, संशयाची नजर येते, ‘तुम्ही मराठी कसे काय चांगले बोलता’ हे विचारणारा शेजारी येतो. हे सगळे खरे आहे आणि लिहिले गेले पाहिजे. मात्र त्यात आमची यमू कुठे आहे? शरीयतने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली. तरी इद्दत संपल्यावर ‘मुले मोठी झाली, आता कशाला’ असे म्हणून तिला गप्प बसवणारी घरे आपल्याकडे नाहीत का? तोंडी तलाकाविरुद्ध १९६६ मध्ये मुंबईत सात स्त्रियांनी मोर्चा काढला, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २०१९ मध्ये कायदा झाला. प्रत्येक वेळी पुढारी बोलले, मौलवी बोलले, वकील बोलले, वाहिन्या बोलल्या. जिला भरल्या घरातून बाहेर पडावे लागले तिच्याविषयी सगळे बोलले. ती ‘ती’च राहिली.

इथे काही जण म्हणतील, घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला? बाहेर आधीच आपल्याविषयी गैरसमज कमी आहेत का? ही भीती खोटी नाही. पण हरिभाऊंसमोरही हाच आक्षेप होता. परकीय राज्यात, मिशनरी हिंदू समाजाचे दोष जगाला दाखवत असताना त्यांनी यमूचे केशवपन छापले. त्यामुळे त्यांचा समाज कमी झाला नाही. उलट, आपल्या घराचा हिशेब आपणच मांडणारा समाज म्हणून त्याची पत वाढली. गाल्दोसनेही स्पेनच्या विजयाचा हिशेब स्पेनमध्येच मांडला. आपल्या घराचे आपण लिहिले नाही की ते दुसरा लिहितो, आणि तो पुन्हा साचाच घेऊन येतो.

भाषेचा प्रश्नही यातच आहे. घरात दखनी, दारात मराठी, मदरशात उर्दू-अरबी, रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत हिंदी, अशी आपल्या तरुणाची दिवसभराची भाषा बदलत असते. यमूच्या तोंडची बोली हरिभाऊंनी जशीच्या तशी छापली, तिला शुद्ध करत बसले नाहीत. गाल्दोसने अल्मुदेनाची मोडकी स्पॅनिश मोडकीच ठेवली. आपण मात्र लिहायला बसलो की दादीमाची दखनी पुसून तिच्या तोंडी पाठ्यपुस्तकातली मराठी घालतो. मग पात्र बोलते, पण दादीमा बोलत नाही.

हरिभाऊंना नाकारून मुस्लिम मराठी कादंबरीला काही मिळणार नाही. त्यांची ऐतिहासिक मालिका आपण तिच्या मर्यादांसह वाचावी, ‘वज्राघात’ मुद्दाम वाचावी, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ तर पुन्हा पुन्हा वाचावी. लेखणी दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची हे तिच्यात शिकता येते. त्या धड्याची गरज आपल्यातल्या पुरुष लेखकांना अधिक आहे. आणि आपल्या लेकी-सुनांनी ती स्वतःच हातात घेतली तर कोणी देण्याचीही वाट पाहावी लागणार नाही. दौंडच्या रेल्वे वसाहतीत किंवा शिरूरच्या पेठेत एखादी मुलगी वहीच्या शेवटच्या पानावर काही लिहीत असेल. तिने काय लिहिले हे विचारण्याआधी, तिला लिहायला घरात एक कोपरा आहे का, एवढे आपण पाहावे.